टेकडीवर धावते, पण कागदावर कॅलेंडर उतरतं

पत्र

ताई, नमस्कार. मी छत्रपती संभाजीनगरला राहते, बँकेत नोकरी करते. आठवड्यातले बहुतेक दिवस पहाटे गोगाबाबा टेकडीवर धावायला जाते. सुट्टीला म्हैसमाळ, गौताळा, पितळखोरा अशी पायी भटकंती असते. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दिल्या होत्या, त्या शिदोरीवर सध्या जलरंगात डोंगर काढते. धावताना जे वाटतं ते कागदावर यावं, एवढंच मागणं आहे. पण फोनमधला फोटो समोर ठेवून काढलेलं चित्र कॅलेंडरवरच्या डोंगरासारखं होतं. नीटनेटकं असतं, पण त्यात मी कुठेच नसते. चित्रासाठी थांबावं तर धावण्याची लय मोडते, न थांबावं तर हाती काही लागत नाही. भाऊ म्हणतो, आपल्याकडे डोंगर आहेतच कुठे? हरिश्चंद्रगडाला जा, नाहीतर हिमालयात. मला हेच डोंगर काढायचे आहेत. काय करू?

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

फोटो बाजूला ठेवा. कायमचा नाही, पण पहिले दोन दिवस त्याच्याकडे बघू नका. तुमचा हात कच्चा आहे म्हणून चित्र कॅलेंडरसारखं होतंय, असं मला वाटत नाही. टेकडी तुम्ही पायांनी आणि छातीतल्या श्वासाने अनुभवता, आणि काढायला बसता तेव्हा मात्र फोनने पाहिलेली टेकडी काढता. चित्रात तुम्ही सापडत नाही ते यामुळे.

फोन काय करतो ते नीट समजून घ्या. त्याचा नेहमीचा कॅमेरा रुंद नजरेचा असतो. पायाजवळचा मुरूम, बाजूची झुडपं, वरचं आभाळ असं सगळं एका चौकटीत बसवायचं, तर दूरचा डोंगर लहान होणारच. म्हैसमाळच्या कड्यावर उभं राहून काढलेला फोटो घरी पाहिला की समोरची रांग बोटभर दिसते. मग ती बुटकी रांग आपल्याला सहन होत नाही आणि आपण कागदावर तिची उंची वाढवतो, बाजू उभ्या करतो. त्यात आणखी एक भर पडते. चढ समोरून पाहताना माणसाला तो असतो त्यापेक्षा फार उभा वाटतो. मानसशास्त्रज्ञांनी हे मोजून पाहिलंय: पाच अंशांचा चढ लोक वीस अंशांच्या आसपास सांगतात. म्हणजे फोटोची भरपाई आणि डोळ्याचा भास, दोन्ही एकाच बाजूला ओढतात, आणि आपल्या इकडच्या डोंगराच्या सावकाश चढणाऱ्या सोंडेचं टोकदार शिखर होऊन बसतं. शाळेतले दोन त्रिकोण आणि मधून उगवणारा सूर्य आठवा. तो त्रिकोण मोठेपणीही हातातून सहजी जात नाही.

पायांना मात्र चढ बराच नेमका कळतो. कुठे पाऊल आखडतं, कुठे हात मांडीवर टेकवावा लागतो, कुठे आपसूक वेग येतो, हे तुम्हाला रोजच्या धावण्यातून ठाऊक आहे. ही माहिती कुठल्याही फोटोत नसते. तुमच्या चित्राचं खरं भांडवल ती आहे.

आणखी एक गोष्ट. खडबडीत वाटेवर धावणाऱ्याची नजर बहुतेक वेळ दोन-तीन पावलं पुढे खिळलेली असते. मुरमाचा रंग, सुट्या दगडाची कड, वाळकं गवत, मुळी, पावसाने पाडलेली नाळ हे तुम्ही फार जवळून पाहता. मग क्षणभर मान वर होते आणि एकदम क्षितिज दिसतं, आणि लगेच नजर पुन्हा पायाशी. म्हणजे धावणाऱ्याच्या डोळ्यात अगदी जवळचं असतं आणि अगदी दूरचं असतं. मधला पट्टा जवळजवळ नसतोच. फोटोवरून काढताना हा न पाहिलेला मधला पट्टा आपण इमानाने भरतो, झाडं काढतो, शेतांचे तुकडे काढतो, आणि चित्र कुणाचंही होऊन जातं. एकदा तो मधला भाग नुसत्या फिकट वॉशवर, म्हणजे पाणीदार रंगाच्या पातळ थरावर, सोडून पाहा. खालचा तिसरा हिस्सा जमिनीला द्या, तिथे कोरडा ब्रश घासून मुरमाचा खरखरीतपणा आणा, वर दूरची रेघ ठाम ओढा, आणि मध्ये काहीही सांगू नका. ही माझी आवड आहे हे मान्य, पण तुमच्या पत्रातलं दुखणं मला नेमकं इथे दिसतं.

आता थांबायचं की नाही, हा तुमचा प्रश्न. धावायच्या दिवशी थांबू नका. वही नेऊ नका, फोटोसाठीही खिशात हात घालू नका. लय मोडली तर जे कागदावर आणायचं आहे तेच हातचं जाईल. घरी आलात की आंघोळ आणि चहाच्या आधी, घाम वाळायच्या आत, पाच मिनिटं पेन्सिल घेऊन बसा. इंटरमिजिएटला स्मरणचित्राचा पेपर दिलात ना, तेच करायचं आहे. फरक एवढाच की इथे विषय परीक्षक देत नाही. टेकडीची बाह्यरेषा एका ओळीत काढा. ती काढताना पायांना विचारा: इथे चढ लांब होता की आखूड? या वळणानंतर सपाटी आली होती का? रेषेवर जिथे दम लागला तिथे पेन्सिल दाबा, जिथे पाय मोकळे झाले तिथे हलकी सोडा. रंगांची नावं कडेला लिहून ठेवा, वेळ लिहा, वारा कुठून होता ते लिहा. बस्स. सुंदर काढायचा प्रयत्न या पाच मिनिटांत अजिबात नको.

सुरुवातीला काही आठवणार नाही. पहिले काही दिवस कागदावर नुसती एक वाकडी रेघ येईल. येऊ द्या. रोज काढायचं आहे हे एकदा मनाला कळलं की धावतानाच नजर आपोआप साठवू लागते. व्हिस्लर नावाचा चित्रकार लंडनमध्ये टेम्स नदीची रात्रीची चित्रं काढायचा. अंधारात तिथे रंगवणं शक्य नव्हतं. तो दृश्य बघून घ्यायचा, मग त्याच्याकडे पाठ करायचा आणि सोबत्याला काय काय दिसलं ते तोंडाने सांगायचा. सांगताना चूक झाली की वळून पुन्हा बघायचा. तुम्ही उतारावर हे करू शकता. उतरताना श्वास जरा हाताशी असतो, तेव्हा स्वतःशीच बोला: "लेण्यांकडची बाजू निळसर, वरची कड पिवळी, मकबरा अजून धुक्यात." ज्याला शब्द मिळाला ते आठवणीत टिकतं.

फोटो दोन दिवसांनी उघडा, तोही फक्त पडताळायला. खिंड डावीकडे होती की उजवीकडे, एवढ्यापुरता. आठवण आणि फोटो यांत फरक पडला तर लगेच फोटोची बाजू घेऊ नका. एखादी सोंड तुमच्या रेखाटनात लांब आली असेल, तर ती लांब का वाटली याचा आधी विचार करा. बहुधा तिथे तुमचा जीव काढला गेलेला असतो. ती लांबी चित्रात राहू द्या.

सुट्टीच्या भटकंतीचं गणित वेगळं आहे. तिथे थांबा, पण जागोजागी नको. एकच जागा धरा, तिथे निदान वीस-पंचवीस मिनिटं बसा. दहा ठिकाणी दोन-दोन मिनिटं थांबून काही साधत नाही.

आता भावाच्या म्हणण्याकडे येते, कारण त्याचं म्हणणं पुष्कळांच्या तोंडी असतं आणि मला ते मनापासून खुपतं. मी बालाघाटाच्या पायथ्याशी वाढले. 'तुमच्याकडे काय, माळ आणि दुष्काळ' हे लहानपणापासून ऐकलंय. फ्रान्समध्ये सेझान नावाचा चित्रकार आपल्या गावाजवळचा एकच डोंगर, सेंट व्हिक्तोआर, 1906 मध्ये मरेपर्यंत काढत राहिला, तेलरंगात काढला, जलरंगात काढला. आधुनिक चित्रकलेची वाट ज्या डोंगरावरून गेली त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची 1011 मीटर आहे. आपलं म्हैसमाळही हजार मीटरच्या वर आहे. खरं सांगायचं तर सेझानचा डोंगर पायथ्यापासून जास्त उठून दिसतो, कारण त्याच्या भोवतीचा प्रदेश सखल आहे आणि आपण मुळात पठारावर उभे आहोत. तरीही डोंगर काढण्याजोगा होतो तो उंचीमुळे, हे सेझानकडे पाहून तरी कुणी म्हणू नये.

अकराव्या शतकात चीनमध्ये ग्वो शी नावाचा थोर चित्रकार होता. त्याने डोंगर पाहण्याची तीन अंतरं सांगितली आहेत. पायथ्याशी उभं राहून शिखराकडे मान वर करून पाहणं, हे उंचीचं अंतर. डोंगराच्या पुढून त्याच्या पोटात, मागच्या रांगांकडे पाहणं, हे खोलीचं. आणि जवळच्या डोंगरावरून दूरच्या डोंगरांकडे सरळ नजरेने पाहणं, हे सपाटीचं. सह्याद्रीचा पश्चिम कडा बघायला गेलं की पहिलं अंतर डोळ्यात भरतं. मराठवाडा हा तिसऱ्या अंतराचा मुलूख आहे. एका माथ्यावरून दुसरा माथा, त्यापलीकडे तिसरा, सगळे जवळपास एकाच उंचीचे, आणि मध्ये पसरलेली काळी जमीन. इथे उभा कागद घेतलात तर अडचणीत याल. आडवा घ्या, रुंदी उंचीच्या दुप्पट असली तरी चालेल. आभाळ भरपूर ठेवा.

आणि या डोंगरांची घडण समजून घ्या, म्हणजे त्रिकोण आपोआप सुटेल. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले, त्यांचाच हा बेसॉल्ट दगड आहे. घट्ट थर सहजी झिजत नाही, त्याचा उभा कातळकडा होतो. सच्छिद्र, मऊ थर लवकर झिजतो, त्याचा उतार होतो. म्हणून आपला डोंगर उतरंडीसारखा टप्प्याटप्प्याने वर जातो आणि माथ्यावर सपाट होतो. काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. घाटात रस्त्यासाठी कापलेल्या दरडींत तो शोधा. श्रावणात ही रचना सगळ्यात स्वच्छ वाचता येते, कारण उतारांवर गवत चढतं आणि कड्यांचे पट्टे काळेच राहतात. हिरवा, काळा, हिरवा, काळा असे आडवे पट्टे पडतात. बाह्यरेषा काढल्यावर आधी हे पट्टे हलक्या हाताने आखा. ते डोंगराच्या अंगावरून दूरपर्यंत जवळपास आडवेच जातात आणि शेजारच्या डोंगरावर त्याच पातळीला पुन्हा भेटतात. ते जुळले की चित्रातला डोंगर जमिनीवर बसतो.

अजिंठ्याला गेलात तर आता मूर्तींच्या आणि चेहऱ्यांच्या मागे पाहा. तिथल्या चित्रकारांनी डोंगर काढलेत ते ठोकळ्यांवर ठोकळे रचल्यासारखे, कडा आणि टप्पे असलेले. ती त्यांची ठरलेली पद्धत होती हे खरं, पण वाघूर नदीच्या त्या घोड्याच्या नालासारख्या दरीत, समोर असा टप्प्यांचा कातळ असताना त्यांना हा आकार जवळचा वाटला असणार, असं मला नेहमी वाटतं. त्यांचे रंगही पाहा. लाल आणि पिवळा मातीतून, हिरवा बेसॉल्टच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या हिरव्या मातीतून, काळा काजळीतून. महागडा निळा, लाजवर्द, तेवढा दूरवरून आला, बहुधा अफगाणिस्तानाकडून. डोंगराने आपलाच रंग पुरवला, आणि नेमका निळा बाहेरून आणावा लागला.

यातून आपल्या पॅलेटसाठी घ्यायचं ते असं. यलो ऑकर, लाइट रेड, बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन एवढ्या चार ट्यूबवर एक वर्ष काढा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून कातळाचे सगळे करडे मिळतात. निळा जास्त टाकला तर पावसाने भिजलेला कडा, सिएना जास्त टाकला तर उन्हात वाळलेला. ट्यूबमधला काळा वापरू नका, तो चित्रात भोक पाडतो. हिरव्यासाठी ऑकर आणि अल्ट्रामरीन मिसळा, ट्यूबमधल्या हिरव्याचा मोह टाळा. श्रावणातला खरा झगझगीत हिरवा या मिश्रणातून येत नाही, मला माहीत आहे. त्या एका महिन्यापुरता एखादा लेमन यलो जोडा.

दूरचा डोंगर निळा काढायचा हा नियमही इथे आंधळेपणाने चालत नाही. हवा स्वच्छ असेल तर मधली हवा निळा प्रकाश जास्त विखुरते आणि दूरचं निळसर दिसतं. वैशाखात आपल्या हवेत धूळ असते. धुळीचे कण मोठे, ते सगळेच रंग विखुरतात, म्हणून दूरची रांग निळी होण्याऐवजी मळकट पांढरी, गव्हाळ होते आणि क्षितिजाजवळच्या आभाळात मिसळून जाते. पावसाची मोठी सर येऊन गेली की त्याच्या उलट घडतं. रांग एकदम पुढे आल्यासारखी, गडद आणि कोरीव दिसते. हे तुम्ही रोज धावताना बघत असणार. मग चैत्रातल्या चित्रात निळे डोंगर कशाला काढायचे? फाल्गुनात पळस फुललेला असताना त्यामागचा डोंगर किती विटकरी असतो, कार्तिकानंतर कुसळी गवत कसं पिवळ्यावरून तांबूस होत जातं आणि उन्हाच्या विरुद्ध बाजूने पाहिलं की कसं पेटतं, हे एकाच टेकडीवर वर्षभर काढत राहा. म्हैसमाळ, गौताळा, पितळखोरा सगळं करा, पण वर्षभर काढायची टेकडी एकच असू द्या. तुमच्यासाठी ती उघडच गोगाबाबा आहे.

कागदाविषयी थोडं. 300 जीएसएमचा, म्हणजे जाडसर, 22 बाय 30 इंची मोठा कागद आणून त्याचे सोळा तुकडे करा. साडेपाच बाय साडेसात इंचांचा एक तुकडा आपल्या हवेला सोयीचा पडतो. उन्हाळ्यात आपल्याकडे वॉश ओढता ओढता वाळतो, मोठ्या कागदावर त्याच्या कडा पडतात आणि आभाळ पट्ट्यापट्ट्यांचं होतं. कागद दोन्ही बाजूंनी भिजवून घ्या, पाण्यात ग्लिसरीनचा एखादा थेंब टाका, आणि दुपारी रंगवायला बसू नका. पावसाळ्यात बरोबर उलट त्रास होतो, थर वाळतच नाही. तेव्हा दोन-तीन तुकडे एकदम घ्या, एक वाळेपर्यंत दुसऱ्यावर काम करा.

देवगिरीचा मोह पहिल्या वर्षी टाळा, असं मी सुचवेन. त्याचा पायथ्याचा कडा माणसांनी तासून उभा केलाय, आकार इतका ओळखीचा आहे की हात आपोआप पाहिलेल्या चित्रांची नक्कल करतो. ज्या सोंडेला कुणी नाव दिलेलं नाही आणि जिथे रोज तुमचा दम लागतो, ती आधी काढा. भाऊ कधी सोबत धावायला आला तर त्यालाही घरी येऊन तीच रेघ काढायला लावा. दोघांच्या रेघा शेजारी ठेवून बघा, बोलण्यापेक्षा त्यातून त्याला जास्त कळेल.

एक काळजी मात्र घ्या. गौताळ्यात, लेण्यांच्या कड्यांखाली किंवा कुठल्याही उंच कातळाखाली बसून काढायचं असेल, तर बैठक मारण्याआधी मान वर करून आग्यामोहळ आहे का ते पाहा. दिसलं तर आवाज न करता लांबची जागा धरा. अंगाला अत्तर नको, आणि जवळपास कुणी धूर करत असेल तर तिथून निघा. अभयारण्यात जाताना वनखात्याच्या नाक्यावर नोंद करा, परतायची वेळ घरी सांगून ठेवा, आणि रंगांच्या पाण्यावर अवलंबून न राहता प्यायचं पाणी वेगळ्या बाटलीत न्या.

तुमची,
ताई